मोघ्यांच्या विमानाचा कोन

दिवाळीनंतर कालिंदीबाईंच्या डायनिंग टेबलाचा विमानतळ झाला, आणि संक्रांत तोंडावर आली तरी त्याचं परत टेबल होईना. त्यावर एक पांढरं-तांबडं विमान बसलं होतं, दोन्ही पंख ऐसपैस पसरून, पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयासारखं. ताटं वाढायची झाली तर ती पंखाखाली सरकवावी लागत. मोघे पतिपत्नी गेले दोन महिने मांडी घालून जमिनीवर जेवत होते, आणि वेणीमाधवराव मोघे याला 'आपली जुनी पद्धत' म्हणत होते.

विमान त्यांनी स्वतः जोडलं होतं. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांच्या सह्या बरोबर आहेत की नाहीत हे बघत बसलेल्या माणसाला निवृत्तीनंतर आपल्या हातची एखादी वस्तू जमिनीवरून वर जावी असं वाटलं, तर त्यात गैर काही नाही. गैर एवढंच झालं, की ही गोष्ट त्यांनी महाराष्ट्र मंडळाच्या सभेत उभं राहून सांगितली. संक्रांतीनंतरच्या रविवारी मंडळाचं वनभोजन गंगेच्या पलीकडे रेतीवर असतं. 'या वर्षी तिळगूळ हातानं वाटला जाणार नाही,' वेणीमाधवराव म्हणाले, 'तो विमानातून येईल.' टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माणूस खाली बसतो. हे आणखी थोडा वेळ उभे राहिले आणि लाडूंची पुष्पवृष्टी कशी होईल त्याचं वर्णन केलं. लाडू डोक्यात पडल्यावर काय होईल हा प्रश्न कालिंदीबाईंनी घरी आल्यावर विचारला. तेव्हा लाडवांच्या जागी कागदाच्या पुड्यांतला हलवा आला.

पण विमान उडत नव्हतं. म्हणजे उडत होतं, पण ते उडणं बघवत नव्हतं. रेतीवर नेऊन सोडलं की ते नाक वर करून चढायचं, चढता चढता काहीतरी विसरल्यासारखं थांबायचं, आणि डाव्या पंखावर कलंडून रेतीत तोंड खुपसायचं. रविवारी तिथं विमानं उडवायला येणाऱ्या चार-पाच पोरांत अनिश नावाचा एक तरुण होता. विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकवायचा. बनारसमध्येच वाढलेला, त्यामुळे त्याचं मराठी मध्येच गंगेत बुडी मारून हिंदीत निघायचं. त्यानं विमान उचलून मागून एक डोळा मिटून पाहिलं.

"काका, याचा पंख जास्त उठलेला वाटतो. शेपटीच्या हिशोबानं किती अंश आहे, नापलंय का?"

वेणीमाधवरावांनी विमानाचं वजन केलं होतं, लांबी मोजली होती, त्याच्या पोटावर 'कालिंदी' असं नावही रंगवलं होतं. कोन मोजला नव्हता. पंख आणि शेपटी यांच्यातला एखाद-दीड अंशाचा फरक विमानाला तारतो किंवा मारतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यासाठी निराळं मापक मिळतं, हेही कळलं.

आता दुसरा कोणी असता तर त्यानं एक मापक मागवून टाकलं असतं. पण वेणीमाधवरावांनी तीस वर्षं कर्जं मंजूर केली होती. त्यांनी चौकशी सुरू केली. मापकं तीन जातींची निघाली. पहिल्यात एक पट्टी दोन चिमट्यांनी पंखाला धरते आणि मधला काटा आपल्याच वजनानं लोंबतो. दुसऱ्यात तोच खटाटोप, पण काट्याच्या जागी आकडे दिसतात. तिसऱ्यात लाल किरण निघतो आणि समोरच्या भिंतीवर पडतो. त्यांनी तिन्हींबद्दल परक्या देशांतल्या माणसांची मतं वाचली. एक म्हणे, काट्याशिवाय खरं काही नाही. दुसरा म्हणे, काटा वापरणारे अजून बैलगाडीत आहेत. रोज सकाळी चहाबरोबर वेणीमाधवराव आपलं मत बदलत आणि ते कालिंदीबाईंना सांगत. कालिंदीबाई प्रत्येक वेळी हो म्हणत.

ही चर्चा जिन्यातून वर गेली. वर वासुदेवराव पळसुले राहत. रेल्वेत रूळ टाकण्याच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले, महाराष्ट्र मंडळाचे सचिव, आणि ते तीन मजली घर स्वतः उभं राहून बांधून घेतलेले. खालचा मजला त्यांनी मोघ्यांना विकला होता, पण त्याच्यावरची नजर विकली नव्हती. भिंतीत खिळा ठोकला तर ते वरून विचारत, कितीचा ठोकला.

"मोघे, खामखा कशाला विलायती भानगडी," वासुदेवराव खाली येऊन म्हणाले. "ज्या मापावर राजधानी एक्सप्रेस धावली त्याच्यावर तुमचं खेळणं धावणार नाही का?" आणि त्यांनी सपाटी तपासायची आपली रेल्वेतली पाणसळ आणली. ओतीव लोखंडाची, हातभर लांब, मधल्या काचेत हिरव्या पाण्यात एक बुडबुडा. ती त्यांनी दोन्ही हातांनी, मोठ्या प्रेमानं, पंखावर ठेवली.

पंख कापसाइतक्या हलक्या लाकडाचा होता. आवाज लहानच झाला. वासुदेवराव म्हणाले, मालच कच्चा होता, बरं झालं आत्ताच कळलं. वेणीमाधवराव चार दिवस फळी चिकटवत बसले.

मग फोनचा मार्ग. फोनमध्ये कोन मोजायची सोय असते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं. फोन दुरुस्त पंखावर आडवा ठेवला, आकडा स्थिर व्हायची वाट बघत श्वास रोखून वाकले, आणि नेमका त्याच क्षणी वासुदेवरावांनी पंख कसा आहे हे विचारायला वरून फोन केला. फोन थरथरत, गुरगुरत, पंखावरून चालू लागला आणि कडेशी पोहोचून खालच्या शेपटीवर पडला. शेपटीच्या कागदाला भोक पडलं. वेणीमाधवरावांनी फोन उचलून शांतपणे सांगितलं, पंख उत्तम आहे.

शेवटी काट्याचं मापक आलं. त्यानं घरात निराळाच वाद आणला. काटा कुठून बघावा यावर आकडा अवलंबून असे. वेणीमाधवराव समोरून बघत तेव्हा तीन दिसत. कालिंदीबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत तेव्हा दोन. आपण सरळ बघतो आहोत असं दोघांनाही वाटत होतं, आणि चाळीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा होत नव्हतं. तेव्हा काटा परत गेला आणि आकडे दाखवणारं मापक आलं. हिरव्या पडद्यावर अंश आणि अंशाचा दहावा भाग. ते बघून वेणीमाधवरावांना आपल्या जुन्या बँकेत पहिल्यांदा संगणक आला तो दिवस आठवला. त्यांनी पंख मोजला, आकडा मनात धरला, आणि शेपटी दुसऱ्या दिवशी शांतपणे मोजू म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कालिंदीबाईंचं हळदीकुंकू होतं. टेबल भिंतीशी लावायचं तर विमानाचं शेपूट दारात येत होतं, आणि येणाऱ्या बायकांच्या पदरांना ते अडकलं असतं. म्हणून बायकांनी मिळून टेबल विमानासकट अर्धं फिरवलं. नाक खिडकीकडे होतं ते स्वयंपाकघराकडे झालं. संध्याकाळी वेणीमाधवरावांनी शेपटी मोजली, फरक काढला, तो भलताच मोठा निघाला. त्यांनी पंखाखाली पातळ पाचर घातली. पुन्हा मोजलं. मग टेबल परत मूळ जागी फिरवलं आणि खात्री म्हणून एकदा आणखी मोजलं. आता पंख उलट्या बाजूला झुकला होता.

पाचर काढली, घातली, दोन घातल्या. शेवटी मापकच खोटं आहे असं ठरवून त्यांनी ते चिडून नुसत्या टेबलावर ठेवलं. पडद्यावर दीड अंश. सपाट टेबलावर.

त्यांनी टेबलाच्या पायाखाली पाहिलं. मग मापक जमिनीवर ठेवलं. दीड अंश. बैठकीत दीड, देवघरात दीड, पलंगाच्या खाली सरपटत जाऊन पाहिलं तिथं दीडला थोडं जास्त. घर गंगेकडे कललं होतं. आपण बारा वर्षं उतारावर संसार केला, या शोधानं ते पलंगाखालीच थोडा वेळ पडून राहिले.

"मी सांगितलं होतं," कालिंदीबाई त्यांच्या पायांना उद्देशून म्हणाल्या. "लिंबं नेहमी खिडकीकडेच घरंगळतात. तुम्ही म्हणालात, लिंबं गोल असतात."

ही गोष्ट घरात राहती तर पुढचं काही झालं नसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वेणीमाधवराव जिन्यात उभे राहून शेजारच्या काशीनाथशास्त्र्यांना सांगते झाले. शास्त्रीबुवा दशाश्वमेध घाटावर यात्रेकरूंचे संकल्प सांगत. दिवसभर मोठ्यानं बोलायची सवय. "म्हणजे पळसुल्यांचं घर वाकडं?" एवढंच त्यांनी विचारलं, पण ते तिन्ही मजल्यांना ऐकू गेलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी अशी होती की मोघ्यांच्या यंत्रानं घर गंगेत जाणार असल्याचं सांगितलं आहे. रात्रीची जेवणं व्हायच्या आत शेजारच्या दोन घरांतून माणसं आली, की भाऊसाहेब, जरा आमच्याकडेही लावून बघा. वेणीमाधवराव गेले. खोटं कशाला, त्यांना बरं वाटलं. एका घरी ओटा वाकडा निघाला, दुसऱ्या घरी देव्हारा, आणि दोन्ही घरी त्यांना चहा मिळाला. विमान टेबलावर तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी वासुदेवराव सकाळच्या चहाला आले नाहीत. त्यांचं वाचून झालेलं वर्तमानपत्र, जे नेहमी ते स्वतः आणून देत आणि त्यातलं सगळं तोंडी सांगत, ते जिन्याच्या पायरीवर ठेवलेलं सापडलं. संध्याकाळी त्यांनी कालिंदीबाईंना हाक मारून सांगितलं, मोघ्यांना कळवा, वनभोजनाच्या कार्यक्रमातून विमान काढलं आहे, त्या जागी संगीत खुर्ची ठेवली आहे.

संगीत खुर्ची हा घाव वेणीमाधवरावांना वर्मी लागला. त्यांनी ठरवलं, आपण मंडळाशिवाय उडवू. पण हल्ली या शहरात पाखरू सोडून काहीही उडवायचं तर आधी पोलीस चौकीत सांगावं लागतं, असं अनिशनं बजावलं होतं. म्हणून ते विमानाचा फोटो, आपलं ओळखपत्र आणि, कोणी काही विचारलं तर असावं म्हणून, मापक खिशात घालून चौकीत गेले.

तिथले फौजदार, म्हणजे दरोगाजी, सज्जन होते. त्यांनी फोटो उलटसुलट पाहिला.

"इसमें कैमरा है?"

"नाही. नहीं जी."

"कैमरा नहीं है," दरोगाजी विचारात पडले, "तो फिर उड़ाते क्यों हैं?"

हा प्रश्न वेणीमाधवरावांनी स्वतःलाही आजवर विचारला नव्हता. तिळगुळाचं सांगितलं, तेव्हा दरोगाजींच्या चेहऱ्यावर आणखी शंका आली: म्हणजे वरून सामान टाकणार. मग खिशातलं यंत्र बाहेर काढावं लागलं, ते काय आहे हे सांगावं लागलं, टेबलावर लावून दाखवावं लागलं. दरोगाजींना ते फार आवडलं. त्यांनी ते खिडकीवर लावलं, कपाटावर लावलं, भिंतीवरच्या तसबिरीला लावलं. शिपायाला स्टुलावर चढवून ती तसबीर सरळ करून घेतली आणि समाधानानं बसले. परवानगी देण्यात आपली काही हरकत नाही, ते म्हणाले, फक्त एखाद्या संस्थेच्या कागदावर सचिवांच्या सहीनं अर्ज हवा. एकट्या माणसाला आकाश कसं द्यायचं?

सचिव म्हणजे वासुदेवराव.

वेणीमाधवराव घाटाघाटानं परत निघाले. मुन्शी घाटापाशी पायऱ्यांवर बसले. पलीकडे रेती उन्हात पसरली होती, आणि तिच्यावर कोणाचं तरी विमान माशीएवढं दिसत होतं, कुरकुरत गोल फिरत होतं. त्यांनी अनिशला फोन लावला आणि सगळी हकीकत सांगितली. घर, दीड अंश, पाचरी, सगळं. अनिश ऐकून हसला नाही, हे त्याचे संस्कार.

"काका, जमीन टेढी असू दे ना. पंख नि शेपूट एकाच बैठकीत नापा, मध्ये काही हलवू नका. दोघांतला फरक तेवढा खरा. विमानाला काय माहीत, घर कुठं झुकलंय."

वेणीमाधवराव घरी गेले, विमान जागचं न हलवता, कालिंदीबाईंना दारात पहाऱ्याला उभं करून, एका दमात पंख आणि शेपूट मोजलं. डावा पंख उजव्यापेक्षा वर, दोन्ही शेपटीच्या मानानं जरा जास्त. सगळ्या पाचरी काढून नव्यानं एकच घातली. आकडा जमला. मग त्यांनी सदरा बदलला आणि वर गेले.

वासुदेवराव आरामखुर्चीत होते. समोर पाणसळ पडली होती. तिच्यातला बुडबुडा कुठं होता ते वेणीमाधवरावांनी मुद्दाम पाहिलं नाही.

"यंत्र आणलंय?" वासुदेवरावांनी विचारलं.

"खिशात आहे."

"ते खिशातच ठेवा."

खालून कालिंदीबाईंच्या कपबशांचा आवाज थांबला. म्हणजे त्या ऐकत होत्या. वासुदेवराव म्हणाले, पस्तीस वर्षं मी रूळ टाकले, एक गाडी घसरली नाही. आणि आता गल्लीतलं पोरसुद्धा माझ्या घराच्या जिन्यावर गोटी सोडून बघतं. हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखा वरून येत नव्हता. तो समोरून, अगदी जवळून आला, आणि वेणीमाधवरावांना एकदम शरम वाटली. दोन घरी प्यायलेला चहा आठवला.

आता एवढंच म्हणायचं होतं, की यंत्र चुकलं, घर सरळ आहे. पण बँकेतल्या माणसाची जीभ खोट्या आकड्याला वळत नाही.

"वासुदेवराव, माझं विमान तुमच्या जमिनीवर बरोबर जुळलं. आत्ताच मोजून आलो. घराचं त्यात कुठंही अडत नाही."

वासुदेवरावांनी हे वाक्य मनातल्या मनात तपासलं. रेल्वेचा माणूस; फट कुठं आहे हे बघितल्याशिवाय सोडत नाही. सापडली असावी. पण त्यांनी तिच्यावरून गाडी नेली.

"लिहून द्याल?"

वेणीमाधवरावांनी लिहून दिलं. 'सदर विमानाचे सर्व कोन श्री. पळसुले यांच्या इमारतीत समाधानकारकरीत्या जुळविण्यात आले आहेत.' खाली सही, तारीख. त्याच्या बदल्यात वासुदेवरावांनी मंडळाच्या कागदावर अर्ज लिहिला, शिक्का मारला. दोघांनी एकमेकांचे कागद वाचले, दोघांनी एकेक शब्द दुरुस्त केला, आणि चहा वर आला.

रविवारी चौकीची परवानगी खिशात घालून मंडळ चार होड्यांतून रेतीवर उतरलं. सतरंज्या पडल्या, चुली पेटल्या, खिचडीच्या पातेल्यातून वाफ येऊ लागली. संगीत खुर्चीही झाली, कारण एकदा छापलेला कार्यक्रम वासुदेवराव रद्द करत नसत. तीत काशीनाथशास्त्री जिंकले. मग सगळे उभे राहिले आणि वेणीमाधवरावांनी विमान रेतीवर ठेवलं.

विमान पळालं, उचललं, आणि चढलं. नेहमीच्या जागी थांबेल म्हणून त्यांचा श्वास थांबला, पण विमान थांबलं नाही. ते सरळ चढत गेलं, डावीकडे वळ म्हटल्यावर डावीकडे वळलं, गंगेवर गेलं, राजा घाटाच्या समोरून उन्हात चकाकत परत फिरलं. त्यांनी आपल्या हातानं चिकटवलेली प्रत्येक फळी तिथं वर होती आणि एकही कुरकुरत नव्हती. त्यांचं तोंड उघडं राहिलं. अनिशनं दोनदा सांगितलं, काका, तिळगूळ, काका, तिळगूळ. ते भानावर आले आणि बटण दाबलं.

विमान तेव्हा पाण्यावर होतं. खाली यात्रेकरूंची एक मोठी नाव चालली होती. पांढऱ्या पुड्या उन्हात फिरत फिरत बरोबर त्या नावेत उतरल्या. मंडळाच्या सतरंजीवर एकही आली नाही.

नावेत आधी आरडाओरडा झाला, मग शांतता, मग नाव वळली आणि सरळ रेतीकडे येऊ लागली. आता भांडण होणार म्हणून वेणीमाधवराव विमान उतरवून रिमोट पाठीमागे लपवून उभे राहिले. नावेतून उतरली ती सगळी परभणीकडची माणसं निघाली, डोक्याला फेटे, हातात पुड्या. त्यांतली एक म्हातारी पुढं झाली आणि म्हणाली, संक्रांतीला आम्ही गाडीत होतो बाबा, तिळगुळाचा दाणा तोंडात पडला नाही, मनाला लागलं होतं. हा कोणी दिला? वासुदेवराव पुढं सरले आणि सचिव या नात्यानं म्हणाले, मंडळानं. मग त्याच नात्यानं त्यांनी अख्ख्या नावेला जेवायला बसवलं.

खिचडी पन्नास माणसांची होती. कालिंदीबाई, शास्त्रीबुवा आणि मंडळाच्या बायका वाढत राहिल्या, पाणी घालत राहिल्या, आणि पंगत उठली तेव्हा पातेल्यात पळी वाजली. कोणी विमानाचं कौतुक करायला थांबलं नाही. सगळे पाहुण्यांना नावेपर्यंत पोचवायला गेले. वेणीमाधवराव रेतीवर विमानाशेजारी उपाशी बसले होते. त्याच्या पोटातल्या डब्यात अडकलेली एक पुडी त्यांना सापडली. ती त्यांनी फोडून अर्धी कालिंदीबाईंच्या हातावर ठेवली. त्या शेजारी टेकल्या, दमलेल्या, पदराला खिचडीचे डाग.

हलवा खाऊन झाल्यावर कालिंदीबाईंनी हात झटकले आणि रिमोटकडे बोट दाखवलं.

"यातलं वर जायचं कुठलं?"

वेणीमाधवरावांच्या ओठांवर एक लांबलचक व्याख्यान आलं. पंखाचा कोन, वाऱ्याची दिशा, पहिल्याच दिवशी हे हातात घेण्यातले धोके. त्यांनी ते गिळलं, रिमोट त्यांच्या हातात दिला आणि आपलं बोट त्यांच्या अंगठ्यावर ठेवून फक्त दिशा दाखवली. मग बोट काढून घेतलं. विमान रेतीवरून धावलं आणि कालिंदीबाईंनी ते हवेत उचललं.